परसातल्या व्हाइट सपोटेचा जातबदल : एका झाडाचं प्रकरण

अमेरिकेत सॅन डिएगो काउंटीच्या उत्तर भागात, समुद्रापासून १०-१२ किलोमीटर आत असलेल्या व्हिस्टा गावात, एका मराठी कुटुंबाच्या परसातलं हे झाड आहे. व्हाइट सपोटे, उंची अंदाजे ९ मीटर. जमिनीपासून सव्वा मीटरवर खोडाला तीन मोठ्या फांद्या फुटलेल्या, प्रत्येकीची जाडी १२ सेंटीमीटरच्या आसपास. झाड बीपासून वाढलेलं, म्हणजे आंब्याच्या भाषेत रायवळ. घर विकत घेतलं तेव्हापासून तक्रारी त्याच. वसंतात भरपूर बहर येतो, गोटीएवढी फळं ढिगाने गळतात, जी टिकतात ती लहान राहतात आणि चव गोड असली तरी मागून कडवटपणा येतो. शिवाय नवी पानं पिवळी पडतात. झाड तोडून तिथे नर्सरीतलं कलम लावायचं, असं घरात ठरत आलं होतं.

मुळात हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ भागातलं झाड. शास्त्रीय नाव कॅसिमिरोआ एड्युलिस. नावात सपोटे असलं तरी चिकूशी त्याचं नातं नाही. ते लिंबू, बेल, कवठ, कढीपत्ता यांच्या कुळातलं. कलमाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. डहाणू-घोलवडकडे चिकूची कलमं खिरणीच्या खुंटावर (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मुळांसकटचं झाड किंवा त्याची कापलेली फांदी) बांधतात, म्हणून इथेही खिरणी चालेल असं काहींना वाटतं. ती चालणार नाही. व्हाइट सपोटेला खुंट व्हाइट सपोटेचाच हवा, आणि तो या परसात आधीपासून उभा होता, चांगली खोल मुळं धरलेला.

करवतीआधी निदान

चार तक्रारी म्हणजे चार कारणं असू शकतात, आणि कलमाने त्यातली सगळी जात नाहीत. म्हणून एकेक तपासली.

कडवटपणा आधी. या फळाच्या सालीत आणि सालीलगतच्या थरात बहुतेक जातींमध्ये कडवटपणा असतो. फळ दाबलं गेलं, आपटलं की तो डाग आतही कडू होतो. झाडाखाली पडलेली फळं खाऊन झाडाला नावं ठेवणारे बरेच असतात. म्हणून चार-पाच फळं टणक असतानाच देठासकट कापली, घरात पिकवली, साल दोन-तीन मिलिमीटर जाड सोलली आणि फक्त मधला गर चाखला. तरीही राळेसारखी चव जिभेवर राहिली. म्हणजे दोष तोडणीचा नाही, झाडाच्या जातीचा. याला इलाज जातबदल, म्हणजे त्याच झाडावर दुसऱ्या जातीचं कलम.

फळगळीचं कारण फुलात सापडलं. व्हाइट सपोटेची फुलं बारीक, हिरवट-पिवळी, झुपक्यात येतात. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन चढल्यावर, नुकतं उमललेलं फूल काळ्या कागदावर हलकेच घासलं. पराग असले तर पिवळी भुकटी स्पष्ट दिसते. या झाडाच्या दहा-बारा फुलांनी कागदावर काहीच सोडलं नाही. गळलेली गोटीएवढी फळं आडवी कापली तर आतल्या बिया कागदासारख्या चपट्या, पोकळ. व्हाइट सपोटेच्या काही झाडांत पराग नसतो किंवा अगदी थोडा असतो, आणि शेजारी पराग देणारं दुसरं झाड नसलं की फळगळ होते. इथे आसपास दुसरं झाड नव्हतं. याचा थेट अर्थ असा की एकच जात बांधून भागणार नाही. दोन जाती हव्यात, आणि त्यातली एक तरी पराग देणारी हवी.

पिवळ्या पानांचा जातीशी संबंध नव्हता. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. या भागातली माती आणि नळाचं पाणी दोन्ही अल्कधर्मी, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यासाठी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं, तेही ईडीडीएचए प्रकारचं, कारण ईडीटीए प्रकार जास्त सामूच्या (पीएचच्या), म्हणजे अल्कधर्मी मातीत टिकत नाही. पाकिटावरच्या मात्रेने आळ्यात द्यायचं आणि वरून पाणी सोडायचं. हे काम कलमापासून वेगळं ठेवलं.

झाड तोडण्याचा विचार इथेच मागे पडला. नवीन कलम लावलं तर पहिलं फळ यायला तीन-चार वर्षं, आणि बुंध्यातून जुन्या झाडाचे फुटवे येत राहतात ते वेगळंच. मोठ्या मुळांवर बांधलेल्या फांदीला साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरतं. दोन जातींसाठी दोन झाडं लावायला जागाही नव्हती. एका झाडावर दोन्ही बसतात.

डोळकाड्या

डोळकाडी म्हणजे हव्या त्या जातीच्या झाडावरून कलमासाठी आणलेली, डोळे असलेली काडी. जाती निवडल्या सुएबेल आणि व्हर्नन. सुएबेल कॅलिफोर्नियातली जुनी, मध्यम ते लहान फळाची, पण लवकर धरणारी आणि वर्षातला बराच काळ थोडी थोडी फळं देणारी. व्हर्ननचं फळ मोठं. पुस्तकात कुठली जात पराग देते हे वाचून ठरवण्यापेक्षा ज्या झाडावरून काडी आणायची त्याच झाडाच्या फुलांवर काळ्या कागदाची तपासणी करावी. परसातल्या झाडांची नावं बदललेली असतात, पण परागाच्या भुकटीत फसगत होत नाही.

कॅलिफोर्निया रेअर फ्रूट ग्रोअर्स ही १९६८ पासूनची हौशी फळबागायतदारांची संस्था. तिच्या स्थानिक शाखा जानेवारी-फेब्रुवारीत डोळकाड्यांची देवाणघेवाण करतात. ओळखी तिथे करून घ्याव्यात, काडी मात्र तिथली आणून एप्रिलपर्यंत ठेवू नये. सफरचंद, पीच यांची काडी झोपेत असते, ती फ्रीजमध्ये दोन-तीन महिने टिकते. व्हाइट सपोटे पूर्ण पानगळ करत नाही, त्याची काडी लवकर दम सोडते. ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बंद करून दोन-तीन आठवडे ठीक, त्यापुढे नाही. झाडमालकाशी बोलून एप्रिलमध्ये ताजी कापणं उत्तम.

काडी कुठली घ्यावी, यावर निम्मं यश ठरतं. पेन्सिलीएवढी, ७ ते १० मिलिमीटर जाडीची, मागच्या वर्षीची पक्की वाढ, हिरवट-करड्या सालीची. पाणसोट, म्हणजे खोडातून जोरात वर येणारा जाडजूड, सरळसोट फुटवा, दिसायला आकर्षक असतो, पण आडवा कापून बघितला तर मधला भेंडासारखा पोकळ भाग मोठा आणि लाकूड पातळ असतं. अशी काडी आठवड्यात सुकते. निवडलेल्या काडीची पानं कापण्याच्या दहा दिवस आधी छाटायची, देठाचा एक सेंटीमीटर तुकडा ठेवायचा. डोळे फुगतात, आणि देठाला बोट लावताच तो गळून पडला की काडी तयार समजावी.

काड्या आणण्याआधी काउंटीच्या कृषी कार्यालयाला विचारून घ्यावं. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना कढीपत्त्याचं रोप इकडून तिकडे नेण्यावरचे निर्बंध ठाऊक असतात. लिंबूवर्गीय सिल्ला ही कीड आणि तिच्यामार्फत पसरणारा हिरवेपणाचा रोग, हे त्यामागचं कारण. व्हाइट सपोटे त्याच कुळातला असल्याने आपला पत्ता कुठल्या क्वारंटाइन क्षेत्रात येतो आणि काडी कुठून आणतोय, हे दोन्ही आधी पाहावं.

पहिला एप्रिल

तीनही फांद्या एकदम कापायच्या नाहीत. सगळा पर्णभार गेला की मुळं उपाशी राहतात आणि उघड्या खोडावर ऊन लागून साल फाटते. नैर्ऋत्येकडची फांदी पोशिंदी म्हणून राखली, कारण दुपारचं कडक ऊन त्याच बाजूने येतं आणि तिची सावली इतर दोन खुंटांवर पडते. पूर्व आणि उत्तरेकडच्या दोन फांद्या कलमासाठी घेतल्या.

दिवसाचं तापमान २० ते २७ अंशांत आणि साल सुटत असली पाहिजे. फांदीवर चाकूने छोटा टी आकाराचा छेद देऊन साल उचलून पाहिली. ती ओलसर, गुळगुळीत सुटली. चिकटून तुकड्याने निघाली असती तर पाणी देऊन आठवडाभर थांबावं लागलं असतं.

जड फांदी एका कापात पाडली तर खाली साल सोलत जाते. म्हणून आधी हव्या त्या जागेच्या ३० सेंटीमीटर वर खालून एक तृतीयांश काप, मग थोडं पुढे वरून काप, फांदी खाली, आणि उरलेला ठोकळा शेवटी व्यवस्थित आडवा कापला. शेवटचा काप कलम बांधायच्याच दिवशी. जमिनीपासून उंची दीड मीटर ठेवली, म्हणजे पुढे फळं शिडीशिवाय हाताला येतात. करवतीचं खरबरीत तोंड धारदार चाकूने गुळगुळीत केलं.

१२ सेंटीमीटर जाडीच्या खुंटाचा घेर साधारण ३८ सेंटीमीटर. दर ७-८ सेंटीमीटरला एक या हिशोबाने प्रत्येकावर पाच काड्या. फांदी शेवटी एकच ठेवायची असते, पण बाकीच्या काड्या खुंटाचं उघडं तोंड भरून काढायला मदत करतात.

प्रत्येक काडी १०-१२ सेंटीमीटर, तीन डोळ्यांची. खालच्या टोकाला एका बाजूने ४ सेंटीमीटरचा तिरका, सपाट काप, एकाच ओढीत. मागच्या बाजूने फक्त अर्धा सेंटीमीटर, म्हणजे टोक पाचरीसारखं होतं. खुंटाच्या सालीत वरून खाली साडेचार सेंटीमीटरची उभी चीर, एका बाजूची साल चाकूच्या पाठीने उचलायची आणि काडी आत सरकवायची. लांब काप लाकडाकडे. कापाचा वरचा तीन-चार मिलिमीटर भाग खुंटाच्या तोंडाच्या वर दिसत राहू द्यायचा, तिथे नवीन पेशी भरून जोड पक्का होतो. दीड सेंटीमीटरचे बारीक खिळे प्रत्येक काडीला दोन. मग सगळ्या खुंटाभोवती कलमपट्टी घट्ट, तोंडावर आणि चिरांवर कलमाचं मेण, काडीला वरून खालपर्यंत पॅराफिल्मचा (ताणली जाणारी मेणाची पातळ पट्टी) एकच ताणलेला पदर. एक पदर असला तर डोळा तो फाडून बाहेर येतो, दोन-तीन असले की आत कोंडतो.

शेवटचं काम म्हणजे घरात भिंतींना लावतात तो पांढरा लॅटेक्स रंग, पाण्यात निम्मानिम्मा करून, खुंटाला आणि उघड्या पडलेल्या खोडाला लावणं. तेलाचा रंग अजिबात नको.

फुटलं, पण लागलं नव्हतं

तीन आठवड्यांत दोन्ही खुंटांवरचे डोळे हिरवे झाले. पाचव्या आठवड्यात उत्तरेकडच्या खुंटावरची कोवळी पानं लोंबकळली आणि पाचही काड्या काळ्या पडल्या. हे व्हाइट सपोटेत वारंवार होतं आणि त्याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे. पहिली पालवी काडी स्वतःच्या साठ्यावर फोडते, तिला खुंटाकडून काहीही मिळालेलं नसलं तरी. जोड झाला की नाही हे दुसऱ्या पालवीवर कळतं. तोवर कलम लागलं असं म्हणू नये.

मेलेल्या काड्या उपटून पाहिल्यावर दोष दिसला. खुंटाच्या तोंडावरचं मेण मे महिन्यातल्या गरम, कोरड्या हवेत तडकलं होतं, आणि भेगेतून आत गेलेल्या हवेने सालीखालचा ओला थर सुकून तपकिरी झाला होता. पूर्वेकडच्या खुंटाचं मेण दहाव्या दिवशी पुन्हा चोपडलं होतं, उत्तरेकडचं तसंच राहिलं होतं. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला मेण बघायचं आणि केसाएवढी भेग दिसली तरी भरायची. कलम बांधण्यात जेवढा हात लागतो तेवढाच इथे लागतो. चांगली बांधलेली कलमं या एका दुर्लक्षापायी जातात, याचं वाईट वाटतं.

पूर्वेकडच्या पाचपैकी चार लागल्या. आता पाणसोटांचा प्रश्न. खुंटाखाली आणि खोडावर ते डझनांनी आले. सगळे एकदम काढण्याचा मोह होतो. पहिले सात-आठ आठवडे उन्हाच्या बाजूचे चार-पाच ठेवले, शेंडा खुडून आखूड राखले. त्यांची सावली सालीला लागते आणि रस वर ओढला जातो. काड्यांची दुसरी पालवी पक्की झाल्यावर दर पंधरवड्याला दोन-दोन काढत नेले. काड्या मेलेल्या उत्तरेकडच्या खुंटावरचे मात्र दोन पाणसोट मुद्दाम वाढू दिले, बाहेरच्या बाजूचे, एकमेकांपासून दूर. पुढच्या वर्षी कलम त्यांच्यावर.

ऑगस्टपर्यंत लागलेल्या काड्यांची वाढ मीटरभर झाली. व्हाइट सपोटेची कोवळी फांदी सरळ, न फांदता वाढते, पानं मोठी, आणि जोड अजून सालीपुरता. एका वाऱ्यात सगळी कमाई मुळासकट निघते. म्हणून खुंटाला दीड मीटरची लाकडी पट्टी ठोकून प्रत्येक नवी फांदी तिला सैल आठच्या आकारात बांधली, आणि शेंडा ५०-६० सेंटीमीटरवर खुडला. खुडल्याने वाऱ्याचा जोरही कमी आणि खालून तीन-चार फांद्याही. कलमपट्टी अकराव्या आठवड्यात काडीच्या विरुद्ध बाजूने उभी चिरली. ती तशीच राहिली तर सालीत रुतून गळफास बसतो. खिळे काढत बसू नये, लाकूड त्यांना गिळतं.

पाण्याचा आणि खताचा हिशोबही बदलला. दोन तृतीयांश पानं गेली म्हणजे झाडाची तहान तेवढी कमी झाली. जुन्याच वेळापत्रकाने ठिबक चालू ठेवलं तर माती सतत ओली राहून मुळं कुजतात. वरची ५-७ सेंटीमीटर माती सुकल्यावरच पाणी. पहिल्या वर्षी नत्र दिलं नाही. मोठ्या मुळांचा जोर आधीच जास्त असतो, वर नत्र दिलं की फूट लुसलुशीत होऊन मोडते, आणि मावा या किडीलाही तीच आवडते.

दुसरा एप्रिल

उत्तरेकडचे दोन पाणसोट आता दोन सेंटीमीटर जाड झाले होते. या जाडीला पाचर कलम सोपं. आडवा काप, मधोमध तीन सेंटीमीटरची चीर, काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी सारख्या लांबीची पाचर. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध न बसवता एका कडेला सरकवायची, म्हणजे त्या बाजूला सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराशी जुळतो. दोन्ही सालींचं बाहेरचं तोंड जुळवू नये; खुंटाची साल जाड असते, त्यामुळे हिरवा थर आत राहतो आणि जुळल्यासारखं दिसून जुळत नाही. यावर व्हर्नन बांधली, पूर्वेकडे सुएबेल होतीच. दोन्ही पाचर कलमं लागली.

पोशिंदी फांदी या वर्षी कापली नाही. पूर्वेकडचा भाग झाडाला पोसण्याएवढा झाला होता, पण उत्तरेकडचा नव्हता. तिची फक्त उंची निम्मी केली आणि बहर खुडला. तिच्यातून पराग मिळत नाही, म्हणून तिसऱ्या वसंतात ती कापून तिथेही व्हर्नन घ्यायची.

पूर्वेच्या खुंटावर चारपैकी सर्वांत जोरदार आणि बाहेर झुकलेली एक फांदी ठेवली. उरलेल्या तीन मुळापासून काढल्या नाहीत, १५ सेंटीमीटरवर छाटत ठेवल्या. खुंटाचं तोंड भरून येईपर्यंत त्या लागतात.

फळ आल्यावर

सुएबेलच्या फांदीवर दुसऱ्याच वसंतात फुलं आली. फळ तयार व्हायला बहरापासून सहा ते नऊ महिने लागतात. अशा कोवळ्या फांदीवर पाच-सहापेक्षा जास्त फळं ठेवू नयेत. लाकूड ठिसूळ असतं आणि वजनाने फांदी जोडापाशी चिरते. ठेवलेल्या फळांनाही खालून टेकू द्यावा.

रंग गडद हिरव्यावरून पोपटी-पिवळट झाला आणि फळ अजून टणक असलं की सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) एक सेंटीमीटर देठ ठेवून कापायचं. ओढून तोडलं तर देठाची जागा उघडी पडते आणि तिथूनच कुजायला लागतं. एका थरात, एकावर एक न ठेवता, घरातल्या हवेत तीन ते पाच दिवसांत मऊ होतं. मऊ झाल्यावर फ्रीज. साल जाड सोलायची हे आलंच.

बिया विषारी आहेत. गराचा मिल्कशेक करताना बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नये; मुलं आणि कुत्री असलेल्या घरात बिया झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. नवीन खुंट करायचे असतील तर त्याच बिया कामाला येतात, पण ताज्या. धुऊन दोन-तीन दिवसांत पेरायच्या, दोन सेंटीमीटर खोल, निदान ३० सेंटीमीटर उंचीच्या पिशवीत, कारण सोटमूळ पहिल्यापासून खाली धावतं. सुकवून ठेवलेली बी उगवत नाही. ताजी तीन-चार आठवड्यांत येते. रोप पेन्सिलीएवढं झालं की पाचर कलम. रोपाची कायमची जागा भिंत, फरसबंदी आणि सांडपाण्याच्या नळापासून लांब ठेवावी, याची मुळं फरशी उचलतात. या परसातलं झाड गाडीच्या वाटेपासून अडीच मीटरवर आहे, म्हणून ते चार मीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं आहे. छाटणी दरवर्षी फळं उतरल्यावर.

पडलेली फळं रोज उचलायची. मेक्सिकन फळमाशीला व्हाइट सपोटे विशेष प्रिय. २०२४ च्या सुरुवातीला सॅन बर्नार्डिनो काउंटीतल्या रेडलँड्समध्ये ओरिएंटल या दुसऱ्या फळमाशीचा फैलाव थांबवायला राज्याच्या कृषी खात्याने दोन हजारांहून जास्त घरांच्या परसातली फळं काढून नेली होती. उचललेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नये, अळी तिथे जगते. दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावं. फळात अळी दिसलीच तर पिशवी तशीच ठेवून काउंटीच्या कृषी कार्यालयाला फोन करावा.